पानाचं माप विचारायचं राहिलं

यंत्राला विचारायचं सोडून मी पानाचं माप माझ्या हातानं लिहून ठेवलं: चार हजार शहाण्णव. चूक एवढीच. ती माझीच होती, आणि हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या गुरुवारी सकाळपासून दुपारपर्यंत मी ती कॅमेऱ्यावर, विजेवर, धुळीवर आणि आठ बायकांवर ढकलून पाहिली होती.

पान म्हणजे वहीचं नव्हे. कंप्युटरची मेमरी सलग वाटत असली तरी यंत्र ती पानापानांनी वापरतं. बऱ्याच यंत्रांत पान चार किलोबाइटचं असतं, म्हणजे तेच चार हजार शहाण्णव. काहींत सोळाचं असतं, काहींत चौसष्टचं. ग्राफिक्स कार्ड स्वतःचं माप वेगळंच धरून बसलेलं असतं. कार्ड आणि कंप्युटर ह्या दोघांची सोयरीक लावून देणारा जो प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि ते लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. बारामतीतल्या एका फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी चौदा वर्षं हेच करतोय. त्यामुळे ‘नवीन होता बिचारा’ असं म्हणायचीही सोय नाही.

माझी थोरली बहीण शेळगावला दिलेली आहे. तिची डाळिंबाच्या पॅकिंगची शेड अंथुर्णे सोडल्यावर, शेळगावच्या अलीकडे, रस्त्यालाच आहे. शेडमध्ये फळं निवडायचं एक वापरलेलं यंत्र तिनं आणून बसवलं होतं. पट्ट्यावरून डाळिंबं गडगडत येतात, वरून कॅमेरा प्रत्येकाचा फोटो काढतो, फोटो ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत जातो, कार्ड ठरवतं की हे परदेशी जाणार, हे बाजारात आणि हे रसाला, आणि मग पुढची झडप फळाला त्या त्या क्रेटमध्ये ढकलते. कॅमेऱ्याचा फोटो कार्डाच्या मेमरीत जिथं ठेवायचा ती जागा वाटून देणारा भाग मी लिहिला होता. भाऊ इंजिनियर असल्याचा आक्काला झालेला हा एकमेव फायदा.

आता आक्काचं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. त्या घरात शब्द चालतो तात्यांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा. शेड बांधून झाली तेव्हाच इंदापूरचा एक खताचा व्यापारी येऊन टेपनं ती मोजून गेला होता. त्याला गोदामाला हवी होती. तात्यांनी त्याला होही म्हटलं नाही आणि नाहीही. सुनेला मात्र सगळ्यांसमोर सांगितलं, “एक हंगाम बघू. तुझा माल हितनं सरळ भाईर गेला, तर शेड तुझी. माघारी आला, तर त्या खतवाल्याला किल्ली देऊन टाकायची. मग रडायचं न्हाय.”

आक्का रडणारी नाहीच. तिनं आठ बायका जमवल्या, फळ कसं पुसायचं, पेटी कशी भरायची ते स्वतः शिकून घेतलं आणि त्यांना शिकवलं. गुरुवारी चार वाजता माल घेणाऱ्या कंपनीच्या बाई तपासायला येणार होत्या. त्या मनाला येईल ती पेटी उघडणार. एका पेटीत जरी तडकलेलं फळ निघालं तरी सगळा माल नापास, म्हणजे माघारीच.

असं असताना बुधवारी मी तिथं गेलो आणि चालू यंत्राला हात घातला.

कुणी सांगितलं नव्हतं. कुठंतरी वाचलं होतं की मोठ्या पानाची सिस्टीम टाकली की काम झपाट्यानं होतं. मी यंत्राच्या कंप्युटरवर चौसष्टच्या पानाची सिस्टीम टाकली. आक्का म्हणाली, “अरे, चालतंय ते चालू दे की.” मी म्हणालो, “तू बघच उद्या.” ड्रायव्हरमध्ये चार हजार शहाण्णव हा आकडा मीच कधीकाळी लिहून ठेवलाय, हे माझ्या लक्षातही नव्हतं. मग मी तपासणी केली. तपासणी म्हणजे काय, तर एक चांगलं डाळिंब घेतलं आणि तेच पन्नास वेळा पट्ट्यावरून सोडलं. पन्नासच्या पन्नास वेळा यंत्र म्हणालं, परदेशी. मी खूश झालो, ते डाळिंब सोलून खाल्लं आणि बारामतीची एसटी धरली.

गुरुवारी सकाळी नऊला पट्टा सुरू झाला. मी हाताची घडी घालून उभा. झडपा फटाफट वाजत होत्या, वेग खरोखरच वाढला होता, आणि मी आक्काकडे असं बघत होतो की बघ, म्हटलं होतं ना. दीडएक तासात चाळीसेक पेट्या भरल्या. मग आक्कानं सहज म्हणून एक पेटी उघडली आणि आतून एक डाळिंब काढून माझ्या नाकासमोर धरलं. ते असं तडकलं होतं की दाणे दात काढून हसत होते.

“हे परदेशी जाणार?”

मी ते हातात घेतोय तोवर पलीकडून मावशी आल्या. मावशी म्हणजे त्या आठजणींतल्या मोठ्या. लग्नाच्या आधी आणि नंतरही कितीतरी वर्षं मेंढरांमागं फिरलेल्या, आता गावात स्थिरावलेल्या. पदराच्या ओच्यात लालभडक फळं होती. त्यांनी ती आक्कापुढं ओतली. “वैनी, ही बगा. असली फळं रसाला घातल्यात ह्या यंत्रानं. डोळं फुटलं का काय त्येचं?”

मी कॅमेऱ्याची काच पुसली. रुमालानं. रुमालाला आदल्या दिवशीच्या डाळिंबाचा रस होता, त्यामुळे काच आणखी बिघडली आणि ती परत आक्कानं धुतली. मग मी म्हणालो व्होल्टेज कमी असेल. मीटरमध्ये पाहिलं, व्होल्टेज ठणठणीत. मग म्हणालो धूळ फार आहे. शेवटी, आता आठवलं तरी कानशिलं गरम होतात, मी म्हणालो, “बायका फळं फार चिकटून ठेवतायत. दोन फळांत अंतर पाहिजे.”

शेडमधले सोळा हात थांबले.

“आमी चिकटून ठिवतोय व्हय?” मावशी म्हणाल्या. “सायेब, शेदोनशे मेंढरं हाकल्यात म्या ह्याच रस्त्यानं, वरनं ट्रक जात असताना. दोघांत किती अंतर ठिवायचं ते आमाला नगा शिकवू.”

आक्कानं भिंतीवरचं बटण बंद केलं, पट्टा थांबला, आणि घड्याळ बघून म्हणाली, “अकरा वाजलेत. एकपर्यंत तुला देते. तवर आमी हातानं निवडाय लागतो. एकनंतर तू ह्या यंत्राला बोट लावायचं न्हाईस.”

त्या दोन तासांतला पहिला तास मी नुसता फिरत होतो. उलट्या क्रेटवर लॅपटॉप घेऊन बसायचो, गुडघा हलायला लागायचा, उठायचो. पाणी प्यायचो. फाटकापर्यंत जायचो. उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली जरी वळणावर दिसली तरी वाटायचं, आल्या बाई. परत यायचो, तोच कोड तिसऱ्यांदा वाचायचो, आणि त्यात सगळं बरोबरच दिसायचं, कारण तो मीच लिहिला होता. दोनदा चहा आणला, दोन्ही वेळा गार करून ओतला.

तात्या दारातल्या बाभळीखाली खुर्ची टाकून बसले होते, पायाशी कुत्रं. माझी सातवी का आठवी फेरी झाल्यावर म्हणाले, “पाव्हणं, काय हरवलंय का?”

“नाही तात्या.”

“मग बसा की वाईच. तुमच्यामुळं कुत्रं बी बसंना.”

कुत्रं खरंच उभं होतं.

न विचारता, न मोजता स्वतःच ठरवून टाकायची खोड मला लहानपणापासूनची. आम्ही वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. ओळीच्या ओळी, सगळी घरं एकसारखी. पहिली खोली, दुसरी खोली, मागचं दार, दार उघडलं की अंगण. शेजाऱ्यांकडे तेच, मित्रांकडे तेच. त्यामुळे जगात घर म्हणजे एवढंच असतं हे मी मोजून न बघताच ठरवून टाकलं होतं. एका संक्रांतीला आई तिळगूळ द्यायला एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर घेऊन गेली. मला घाईची लागली होती. मी कुणाला न विचारता पहिली खोली ओलांडली, दुसरी ओलांडली, समोरचं दार उघडलं आणि अंगण समजून कार्यक्रम सुरू केला. ते त्यांचं देवघर होतं. आईनं त्या घरी पुन्हा कधी पाऊल टाकलं नाही, आणि आक्कानं ही गोष्ट तिच्या सासरी पहिल्याच महिन्यात सांगितली.

तर बाराच्या सुमाराला मी पट्टा नुसता चाचणीपुरता चालू केला आणि जवळची फळं एकेक करून सोडायला लागलो. झडप मनाला येईल तशी वागत होती. मावशी जेवणाचं गाठोडं सोडायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या. त्यांची फळं निवडायची पद्धत अशी: दोन ह्या हातात, दोन त्या हातात, चार फळं एकदम उचलायची, अंगठ्यानं फिरवून बघायची आणि ठेवायची. सगळ्याच बायका तशाच निवडतात. मावशींनी चार फळं उचलली आणि ओळीनं पट्ट्यावर ठेवली. पहिलं चांगलं, दुसरं तडकलेलं, तिसऱ्यावर तेल्या रोगाचे काळे डाग, चौथं हिरवट. परत चार, तशीच. परत चार. मी स्क्रीनकडे बघत होतो, त्या झडपेकडे.

“सायेब,” त्या म्हणाल्या, “ह्यो कापी करतोय.”

“कोण?”

“तुमचं यंत्र. पयलं फळ बरुबर सांगतंय. दुसऱ्याला पयल्याचंच बघून लिव्हतंय. तिसरं-चौथं कसंबी. पाचवं परत बरुबर. सकाळपास्नं माझ्या हाताला जाणवत हुतं, पर म्हनलं आपुन काय बोलायचं, आपुन चिकटून ठिवनाऱ्या.”

मी उडी मारून उठलो, लॅपटॉप पडता पडता वाचला. “मावशी, एकासारखं एक नसलेलं काहीतरी द्या. चार वस्तू.”

त्यांनी गाठोडं सोडलं. एक कांदा, एक लिंबू, एक पेरू निघाला. चौथं डाळिंब माझ्या हातात होतंच. डाळिंब, कांदा, लिंबू, पेरू, असे चौघे पट्ट्यावरून गेले आणि कार्डाला जे दिसत होतं ते मी पहिल्यांदाच स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. पहिल्या चित्रात डाळिंब. दुसऱ्या चित्रातही डाळिंब. तिसऱ्यात वर कांद्याचं धड आणि त्याच्या खाली लिंबाचं डोकं. चौथ्यात लिंबाचं बूड आणि त्याखाली पेरू. मावशी वाकून बघत होत्या. “आगं बया,” म्हणाल्या, “चांगला कांदा हुता की माझा.”

मी बोटांवर मोजायला लागलो. एका फोटोला अठ्ठेचाळीस किलोबाइट जागा. माझा ड्रायव्हर चार-चारच्या मापानं जागा वाटत होता, म्हणून फोटो एकाला एक लागून बसत होते: पहिला शून्यावर, दुसरा अठ्ठेचाळीसवर, तिसरा शहाण्णववर. पण नवीन सिस्टीम चौसष्टचं पान सुरू होतं तिथूनच बघू शकते. अठ्ठेचाळीसवरचं बघ म्हटलं की ती मुकाट्यानं मागं त्याच पानाच्या सुरुवातीला जाणार, म्हणजे शून्यावर. तिथं पहिलं फळ. अठ्ठेचाळीस चोक एकशे ब्याण्णव. चौसष्ट त्रिक एकशे ब्याण्णव. दर चार फोटोंनी दोन्ही मापं एका जागी येत होती, म्हणून पहिलं, पाचवं, नववं फळ बरोबर. आणि मी पठ्ठ्यानं आदल्या दिवशी एकच डाळिंब पन्नास वेळा सोडलं होतं. कॉपी केली काय आणि नाही केली काय, उत्तर तेच येणार.

आक्काला बोलावून सांगायला लागलो तर ती म्हणाली, “मला कळंल असं सांग.”

“हे बघ. मी एसटीनं येतो तेव्हा कंडक्टरला सांगतो, आक्काच्या शेडपाशी उतरवा. तो उतरवतो का?”

“कसा उतरवील? थांबा न्हाय हितं. अंथुर्ण्यात उतरवतो.”

“तसंच. मी फळाला मधल्या जागी बसवलं होतं. यंत्र मागच्याच थांब्यावर उतरतं आणि तिथं जो दिसेल त्याला घेऊन येतं. फोटो थांब्यावरच ठेवायला पाहिजे होता.”

“मग थांबं कुठं कुठं हायत ते आधी इचारायचं.”

“विचारता येतं. एका ओळीत यंत्र सांगतं, की माझं पान एवढं आहे.”

“मग का न्हाय इचारलं?”

मी लॅपटॉप पुढ्यात ओढला.

दुरुस्ती खरोखरच एका ओळीची होती. आकडा पुसायचा, यंत्राला माप विचारायचं, आणि प्रत्येक फोटो त्या मापावर सुरू करायचा. घाईत एक अक्षर चुकलं, परत केलं. ड्रायव्हर तयार होताना स्क्रीनवर ओळी सरकत होत्या आणि मी त्यांना हातानं ढकलल्यासारखं करत होतो. डाळिंब, कांदा, लिंबू, पेरू परत सोडले. चौघेही आपापल्या अंगानिशी आले. मी ओरडलोच. “झालं! आक्का, चालू कर!”

आक्कानं घड्याळाकडे बोट दाखवलं. एक वाजून दहा मिनिटं.

“अगं दहा मिनिटं! एका ओळीचं काम होतं, झालं ते.”

“काल बी झालंच हुतं की,” ती म्हणाली. “आज हातानंच. तू तिकडं जा, सकाळच्या पेट्या उघडून दे.”

सकाळच्या त्या चाळीस पेट्या. यंत्राच्या भरवशावर भरलेल्या, आणि आत कुठं काय बसलंय ते कुणालाच माहीत नाही. सगळ्या उघडायच्या, प्रत्येक फळ बघायचं, परत भरायच्या. बायका घास हातात घेऊन कामाला लागल्या. मी पण बसलो. ड्रायव्हर दुरुस्त झाला होता, यंत्र चार हातांवर चकाचक उभं होतं, आणि मला त्याला शिवायची बंदी. दोन वाजले, अडीच वाजले. मी एक पेटी निवडेपर्यंत मावशी सहा करत होत्या. त्यात मी चांगली फळं संशयानं बाजूला काढत होतो, आणि शेजारची बाई ती मुकाट्यानं उचलून परत आत ठेवत होती. मध्येच मी आक्काला म्हणालो, “यंत्र लावलं असतं तर...” तिनं आणखी एक पेटी माझ्यापुढं सरकवली.

शेवटची पेटी मी चार वाजायला पाच मिनिटं असताना भरली. घाम पुसतोय तोवर फाटकात पांढरी गाडी.

बाई पंचविशी-तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी चहा नंतर घेते म्हणून सांगितलं आणि थेट थप्पीकडे गेल्या. तात्या खुर्ची सोडून आत आले आणि दारातच उभे राहिले. बाईंनी वरची पेटी सोडून मधली ओढली. उघडली, फळं एकेक फिरवून पाहिली, बंद केली. दुसरी खालची काढली. ती पण बंद केली. आक्काचा हात पदराच्या टोकाला होता, ते टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. तिसरी पेटी त्यांनी अगदी कडेची घेतली. ती मी भरलेली होती. मला ती झाकणावरूनच ओळखू आली, कारण चिकटपट्टी वाकडी लागली होती.

झाकण उघडलं आणि बाई थांबल्या.

बायकांनी भरलेल्या पेट्यांत डाळिंबांचे मुकुट एका बाजूला, ओळीत, शाळेतल्या पोरांसारखे उभे होते. माझ्या पेटीत एक मुकुट वर, एक खाली, एक कोपऱ्यात तोंड घालून, दोन एकमेकांत घुसलेले.

“ही कुणी भरली?”

आठही बायकांनी माझ्याकडे बघितलं. आक्कानं बघितलं नाही, तिनं डोळे मिटले होते. बाईंनी पेटीतलं एकेक फळ काढून हातात फिरवलं. सगळी. ते संपेपर्यंत मी किती वेळा पाय बदलला कुणास ठाऊक. आतमध्ये एक जरी तडकलेलं राहिलं असतं तर संध्याकाळी खतवाल्याला फोन गेला असता, आणि तो माझ्या हातानं गेला असता.

“फळ चांगलं आहे,” बाई शेवटी म्हणाल्या. “फक्त मुकुट ओळीत नाहीत. एवढी पेटी परत भरून घ्या. बाकी माल पास. निवड कुणाची?”

“ह्या आठजणींची,” आक्का म्हणाली. “हातानं केलीया सगळी.”

बाईंनी कागदावर सही केली, चहा घेतला, शनिवारी गाडी पाठवते म्हणाल्या आणि गेल्या. मावशींनी माझी पेटी पुढ्यात ओढली, दोन ह्या हातात, दोन त्या हातात, आणि बघता बघता ओळीत लावून टाकली. तात्या अजून दारातच होते. त्यांनी एकदा थप्पीकडे बघितलं, एकदा बंद यंत्राकडे, एकदा माझ्याकडे.

“सूनबाई,” ते म्हणाले, “शेड तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. खतवाल्याला सांगतो मी, न्हाय म्हणून. कुलूप तेवढं चांगलं मजबूत बघून आण. तुझा भाऊ दिवाळीला बी येतोय.”